उतार, चुना आणि एप्रिलचं हिम: शाब्लीच्या द्राक्षमळ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकाला, पॅरिसपासून आग्नेयेला साधारण 180 किलोमीटरवर शाब्ली नावाचं छोटं गाव आहे. ते गाव आणि भोवतालची सुमारे 20 गावं यांच्या शिवारात साडेपाच हजार हेक्टरांहून थोड्या जास्त जमिनीवर एकच द्राक्ष लावलं जातं, ते म्हणजे शार्दोने. त्यातून निघते पांढरी, गोडवा नसलेली, आंबटपणाला धारदार अशी वाइन. जमीन आणि हवामान वाइनला कसा आकार देतात, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी शाब्लीबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: नकाशावर शाब्ली 47.8 अंश उत्तर अक्षांशावर दिसतं. इतक्या उत्तरेला द्राक्षं पिकतात तरी कशी? आणि पिकत असतील, तर नदीकाठच्या सपाट जमिनीवर बागा का नाहीत?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर उतारात आहे. थोडं गणित मांडू. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तोडणीच्या दिवसांत, भर दुपारीही शाब्लीत सूर्य क्षितिजापासून जेमतेम 42 अंश वर येतो. समोरून थेट पडणाऱ्या किरणांची ताकद 100 धरली, तर सपाट जमिनीच्या वाट्याला त्यातले 67 येतात. तीच जमीन दक्षिणेकडे 15 अंश कललेली असेल तर 84 येतात, म्हणजे सपाटीपेक्षा पाव पट जास्त. उत्तरेकडे कलली असेल तर 46 वरच समाधान मानावं लागतं. आता जूनचा हिशेब बघा. तेव्हा दुपारचा सूर्य 65 अंशांच्या वर असतो, सपाटीला 91 मिळतात आणि दक्षिण उताराला 99. फरक फार तर आठ-नऊ टक्क्यांचा. उन्हाळ्यात कुठलीही जमीन चालते. उताराची खरी कमाई हंगामाच्या शेवटी असते, आणि नेमकी तेव्हाच मण्यात साखर भरत असते.

याला जोड मिळते लांब दिवसाची. जूनमध्ये तिथे जवळपास 16 तास उजेड असतो, त्यामुळे हवा फार तापली नाही तरी पानं बराच वेळ काम करतात. रात्री मात्र गार असतात. मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळून जातं, गारव्यात टिकून राहतं. शाब्लीच्या वाइनची धार येते ती इथून. ती इतकी तीव्र असते की बहुतेक ठिकाणी मुख्य आंबवण झाल्यावर जिवाणूंकडून मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करून घेतात, आणि तरीही आंबटपणा उरतो.

उतार कुठल्या दिशेला बघतो, याने आणखी फरक पडतो. गावातून सरँ नावाची लहान नदी वायव्येकडे वाहत जाते. तिच्या उजव्या तीरावर, गावाच्या समोरच, नैर्ऋत्येला तोंड करून एक टेकडी उभी आहे. सगळ्यात वरच्या दर्जाच्या वाइन या एकाच टेकडीवरून येतात. नैर्ऋत्येचा उतार दुपारचं आणि संध्याकाळचं ऊन घेतो, आणि त्या वेळी हवाही तापलेली असते. त्याच टेकडीच्या एका टोकाला ब्लांशो हा भाग आग्नेयेकडे वळलेला आहे. त्याला सकाळचं ऊन मिळतं, संध्याकाळी तो लवकर सावलीत जातो, आणि तिथली वाइन शेजारच्या ले क्लोपेक्षा हलकी, नाजूक असते. दोघांत अंतर आहे ते फक्त टेकडीच्या एका वळणाचं. माथ्यावर झाडी राखलेली आहे. ती उत्तरेचा वारा अडवते आणि पावसाचं पाणी एकदम खाली धावू देत नाही.

नदीकाठची सपाट जमीन दोन कारणांनी बाद होते. खोल, सुपीक गाळात वेल नुसता पाल्याने माजतो आणि मणी उशिरा पिकतो. दुसरं म्हणजे वसंतातल्या रात्री सगळी थंड हवा तिथेच येऊन साठते. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

प्रश्न: द्राक्ष एकच, गाव एकच. मग प्ती शाब्ली, शाब्ली, प्रमिए क्रू आणि ग्राँ क्रू असे चार दर्जे कशासाठी? हे फक्त बाजारासाठी आहे का?

नाही. टेकडी उभी कापली, तर हे दर्जे बहुतांशी त्या कापात दिसतील.

सगळ्यात वर, पठारावर, पोर्टलँडियन काळातला कठीण चुनखडक आहे. त्यावर मातीचा थर पातळ, वारा मोकळा आणि तापमान उताराच्या मध्यापेक्षा कमी. प्ती शाब्लीचे मळे बरेचसे इथले. त्याच्या खाली, उताराच्या पोटात, किमरिजियन काळातला थर उघडा पडतो. चुनखडकाच्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये चुनायुक्त चिकणमाती, अशी ती चळत असते. हा थर सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी साठला. किमरिज हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, त्यावरून या काळाला नाव पडलं. साध्या शाब्लीचे, प्रमिए क्रूचे आणि ग्राँ क्रूचे चांगले मळे या पट्ट्यात आहेत. त्यांच्यातला फरक प्रामुख्याने उताराच्या दिशेचा आणि चढाचा.

ग्राँ क्रू म्हणजे वर सांगितलेली एकच टेकडी, जेमतेम 100 हेक्टरांची. तिचे सात भाग असे: बूग्रो, प्रोझ, व्होदेझीर, ग्रनूय, व्हाल्म्यूर, ले क्लो आणि ब्लांशो. प्रमिए क्रू नदीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहेत. उजव्या तीरावरचे फुर्शोम आणि माँते द तोनेर ग्राँ क्रूच्या टेकडीच्या दोन बाजूंना येतात आणि त्यांची वाइन भरदार असते. डाव्या तीरावरच्या व्हायाँ आणि माँमँच्या ओळी बऱ्याचशा आग्नेयेकडे बघतात. तिथली वाइन ताठ, सडपातळ. दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडून चव घ्यायची असेल, तर वेगवेगळ्या उत्पादकांच्या ग्राँ क्रू घेण्यापेक्षा एकाच उत्पादकाची, एकाच वर्षाची दोन तीरांवरची प्रमिए क्रू घ्या. बनवण्याची पद्धत सारखी राहते आणि दिशेचा फरक तेवढा जिभेवर उरतो.

शाब्ली आणि ग्राँ क्रू या नावांना कायद्याचं संरक्षण 1938 मध्ये मिळालं, प्ती शाब्लीला 1944 मध्ये. नियम कागदापुरते नाहीत. हेक्टरी किमान 5,500 वेली लावाव्याच लागतात. प्ती शाब्लीला हेक्टरी 60 हेक्टोलिटर, म्हणजे 6,000 लिटर वाइन काढायची मुभा आहे, तर ग्राँ क्रूला 54 हेक्टोलिटर. तोडणीच्या वेळी रसात साखर किती हवी याचीही पायरी ठरलेली आहे: प्ती शाब्लीला 9.5 टक्के अल्कोहोल होईल एवढी, ग्राँ क्रूला 11 टक्के होईल एवढी. ज्या उतारावर ऊन पुरतं, तिथेच ही शेवटची अट थंड वर्षातही पाळता येते.

प्रश्न: तिथल्या मातीत समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म आहेत आणि त्यामुळे वाइनला शिंपल्यांची, दगडाची चव येते असं वाचलं. खरं आहे का?

जीवाश्म खरे आहेत. चवीचं स्पष्टीकरण मात्र चुकीचं आहे, आणि ते इतक्या ठिकाणी छापलं जातं की स्पष्ट लिहिणं भाग आहे.

किमरिजियन थरातला एखादा फुटलेला दगड हातात घेतला, तर त्यात नखाएवढे, स्वल्पविरामासारखे वाकलेले शिंपले एकमेकांना चिकटून गच्च बसलेले दिसतात. एक्सोगायरा व्हर्ग्युला हे त्या कालवाचं नाव. काही ठिकाणी दगड कमी आणि शिंपलेच जास्त अशी अवस्था असते. पण हे कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच प्रकार. त्याला ना समुद्राचा वास आहे ना मांसाची चव. वेलीची मुळं दगड पीत नाहीत. ती पाण्यात विरघळलेलं पोटॅशियम, कॅल्शियम, नायट्रेट असं साधं अन्न घेतात, आणि ते कुठल्या खडकातून आलं याची खूण रसात राहत नाही.

मग ती खारट, ओल्या दगडासारखी जाणीव येते कुठून? जास्त आम्ल, कमी साखर, फळांचा वास बेताचा, आणि बऱ्याच वेळा स्टीलच्या टाकीत हवा न लागू देता ठेवल्यामुळे येणारा गंधकयुक्त संयुगांचा हलका वास. हे सगळं एकत्र आलं की जिभेला दगड आठवतो.

खडकाचं महत्त्व याने कमी होत नाही, फक्त ते दुसऱ्या कामात आहे. चिकणमातीचा थर हिवाळ्याचं पाणी धरून ठेवतो आणि ऑगस्टमध्ये मुळांना थोडं थोडं देतो. मधल्या चुनखडकाच्या भेगांतून जास्तीचं पाणी निघून जातं. वेलीला तहान लागते, पण ती कोलमडत नाही, आणि पावसाळी वर्षातही मुळं पाण्यात बुडून राहत नाहीत. पाण्याचा असा बेताचा पुरवठा ज्या मातीत आपोआप होतो, तिथे वेल पाला वाढवणं वेळेवर थांबवून मण्याकडे वळतो. शिंपल्यांपेक्षा ही गोष्ट शंभर पट मोलाची आहे.

प्रश्न: मी द्राक्ष बागायतदार आहे. शाब्लीत हिम पडायची भीती असली की वेलींवर रात्रभर पाणी फवारतात आणि डोळे, म्हणजे काडीवरचे फुटणारे कोंब, बर्फात गाडून वाचवतात, असं फोटोत पाहिलं. बर्फाने बर्फापासून संरक्षण कसं होतं? यात चूक कुठे होते?

आधी धोका समजून घेऊ. शार्दोनेचे डोळे लवकर फुटतात. शाब्लीत मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत हिमाची, म्हणजे कोवळे कोंब गोठवणाऱ्या रात्रीच्या थंडीची, टांगती तलवार असते. जुने लोक 11, 12 आणि 13 मे हे तीन ‘हिमसंतांचे’ दिवस सरल्याशिवाय निश्वास सोडत नाहीत. कापसलेला, म्हणजे फुगून कापसासारखी लव दिसू लागलेला डोळा साधारण उणे 4 अंशांपर्यंत तग धरतो. पोंग्यातून पानं उघडली की उणे 2 च्या आसपास करपायला लागतं. डोळा ओला असेल तर त्याहीआधी.

आता पाण्याची गोष्ट. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं. एका लिटरमागे ती 334 किलोज्यूल भरते. डोळ्यावर पाणी पडतं, गोठतं, ती उष्णता डोळ्याला मिळते. पुढचं पाणी पडतं, तेही गोठतं. जोवर बर्फाच्या पृष्ठभागावर न गोठलेल्या पाण्याचा ओलसर थर आहे, तोवर आतलं तापमान शून्याच्या खाली उतरत नाही, आणि शून्य अंश डोळ्याला सोसतं. बाहेर उणे 5 असलं तरी. म्हणजे रक्षण करतं ते सतत चाललेलं गोठणं. बर्फ हा त्याचा नुसता उरलेला भाग. थंडीत गोधडी ऊब देते तसा बर्फ ऊब देतो, अशी समजूत करून घेतली की चुका सुरू होतात.

सगळ्यात मोठी चूक पाणी मध्येच बंद पडण्याची. ओल्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाताना लिटरमागे सुमारे 2,500 किलोज्यूल उष्णता ओढून नेतं. एक लिटर उडालं, तर तेवढं भरून काढायला साडेसात लिटर गोठावं लागतं. फवारा थांबला की हिशेब क्षणात उलटतो आणि डोळा आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. न फवारलेल्या बागेपेक्षा जास्त नुकसान झालेले प्लॉट असेच तयार होतात. पंपाचं इंजिन बंद पडलं, गाळणीत कचरा अडकला, एखाद्या नोझलचं फिरतं तोंड बर्फाने जाम झालं, कारण काहीही असो. म्हणून रात्रभर माणूस ओळीतून फिरत राहतो आणि अडकलेली नोझलं काठीने ठोकून मोकळी करतो.

दुसरी चूक उशिरा सुरू करण्याची. साध्या तापमापीकडे बघून चालत नाही. फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीवरचा आकडा, म्हणजे वेट-बल्ब तापमान, शून्यावर आला की पाणी सुरू करायचं. हवा कोरडी असेल तर हा आकडा साध्या तापमापीपेक्षा दोन-तीन अंश खाली असतो, म्हणजे साधी तापमापी 2 किंवा 3 दाखवत असतानाच पंप चालू व्हायला हवा. बंद करतानाही तोच नियम. सूर्य उगवला म्हणून बंद करायचं नाही. वेट-बल्ब शून्याच्या वर गेलं आणि बर्फ स्वतःहून सुटून पडायला लागला की मग.

तिसरी चूक पाणी कमी पडण्याची. ताशी 3 ते 5 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ताशी 30 ते 50 घनमीटर पाणी लागतं. 40 धरले, तर आठ तासांच्या एका रात्रीत हेक्टरी 3 लाख 20 हजार लिटर. लागोपाठ तीन रात्री गेल्या तर साडेनऊ लाखांच्या वर. सरँसारख्या लहान नदीतून एवढं पाणी एकाच वेळी सगळ्यांनी उपसणं शक्य नाही. म्हणून जवळच्या बेन गावापाशी हिमरक्षणासाठी सुमारे 15 हेक्टरांचं तळं मुद्दाम केलेलं आहे. पाणी पुरतंय की नाही हे बर्फावरून कळतं. काचेसारखा पारदर्शक बर्फ असेल तर ठीक. दुधी, पांढरट बर्फ दिसला की समजायचं, पाणी कमी पडून मधे हवा अडकते आहे. टोकांना लटकलेल्या सुळक्यांवर थेंब हलत नसतील तर धोका आणखी जवळ आहे.

वारा असेल तर फवारा वापरूच नये. बाष्पीभवन वाढतं, पाणी एका बाजूला उडतं आणि ओळीचा निम्मा भाग कोरडा राहतो. शिवाय चिकणमातीत तीन रात्री एवढं पाणी मुरल्यावर ट्रॅक्टर आठवडाभर आत घालता येत नाही, आणि बर्फाच्या ओझ्याने कोवळे फुटवे मोडतात, हे नुकसान धरूनच चालावं लागतं.

प्रश्न: पाण्याची सोय नसेल तर काय? मेणबत्त्या, पंखे यांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण हिम कुठल्या प्रकारचं आहे ते आधी ओळखावं लागतं. निरभ्र आकाश, वारा नाही, हवा कोरडी, अशा रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी खाली ओघळते आणि खोलगट भागात साचते. दहा-पंधरा मीटर वर मात्र हवा त्या मानाने उबदार असते. पंखा ही वरची हवा खाली खेचतो. एक उंच पंखा चार-पाच हेक्टरांना पुरतो आणि एक ते तीन अंशांचा फरक पाडतो. पण उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली असेल, तर वरची हवाही गारच असते आणि पंखा फिरवून काहीच मिळत नाही. अशा वेळी एरवी सुरक्षित असलेलं पठारही मार खातं.

मेणबत्ती म्हणजे मेणाने भरलेला पत्र्याचा डबा, साधारण 5 ते 6 किलोचा, आठ ते दहा तास जळणारा. हेक्टरी 300 ते 400 लागतात. 400 धरले तर 25 चौरस मीटरला एक. मोठे जाळ थोडे लावण्यापेक्षा लहान जाळ पुष्कळ लावणं केव्हाही चांगलं, कारण मोठा जाळ गरम हवेचा खांब उभा करून ऊब सरळ वर घेऊन जातो आणि बाजूची थंड हवा आत ओढतो. बागेच्या कडांना, विशेषतः थंड हवा जिथून आत शिरते त्या वरच्या बाजूला, डबे दाट ठेवतात. सगळे एकदम पेटवत नाहीत. आधी प्रत्येक दुसरा, तापमान आणखी उतरलं की उरलेले. काही मळ्यांत वेलीची काडी (फांदी) बांधायच्या तारेलाच विजेची तापणारी तार जोडलेली असते. तिला माणूस कमी लागतो, पण वीजजोडणी मोठी घ्यावी लागते.

यापेक्षा स्वस्त उपाय हिवाळ्यातच करायचे असतात, आणि बहुतेक वेळा तेच राहून जातात. हिमाच्या खोलगट जागेतली छाटणी सगळ्यात शेवटी, मार्चमध्ये करा. डोळे काही दिवस उशिरा फुटतात. काडी लांब ठेवून उभीच राहू दिली, तर टोकाचे डोळे आधी फुटतात आणि खालचे, ज्यांच्यावर पीक अवलंबून आहे ते, मागे राहतात. हिमाचा धोका ओसरल्यावर काडी आखूड करून तारेला वाकवून बांधता येते. ओळींमधलं गवत बारीक कापलेलं हवं. माती दाबलेली आणि ओलसर असावी, कारण अशी माती दिवसाची ऊब रात्री परत देते. हिमाच्या तोंडावर नांगरट केली तर भुसभुशीत मातीतली हवा त्या उबेला अडवून धरते आणि वेलीच्या उंचीवर तापमान अंशभर तरी खाली जातं. खालच्या बांधावर दाट झुडपांची ओळ असेल तर तिच्यात फट पाडा, नाहीतर थंड हवेचा बंधारा होतो.

एवढं करूनही डोळा गेला, तर शेजारचा राखीव डोळा फुटतो. शार्दोनेत त्याला घड कमी लागतात. एप्रिल 2016 आणि एप्रिल 2021 मधल्या हिमाने शाब्लीत उत्पादनाला मोठा फटका दिला तो असा. विसाव्या शतकाच्या मध्यावर इथलं लागवडीचं क्षेत्र 500 हेक्टरांच्या आसपास उरलं होतं. फिलॉक्सेरा ही वेलीची मुळं पोखरणारी कीड, महायुद्धं आणि वारंवार पडणारं हिम, तिन्हींनी मिळून शेतकऱ्यांचा धीर खचवला होता. हिमरक्षणाची साधनं आल्यावरच लोक पुन्हा लागवडीकडे वळले.

प्रश्न: चुनखडीच्या जमिनीत आमच्या वेली पिवळ्या पडतात. शाब्लीत तर सगळा चुनाच आहे. ते काय करतात?

ते खुंट बदलतात, म्हणजे ज्या मुळांच्या वेलीवर द्राक्षाचं कलम बांधतात ती वेल. चुन्याच्या जमिनीत लोह असतं, पण वेलीला ते घेता येत नाही. मुळांभोवतीच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढतं आणि लोह अडकून पडतं. ओळखायची खूण अशी: शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. खालची जुनी पानं पिवळी असतील तर कारण दुसरं शोधा. थंड, ओल्या वसंतात हा त्रास जास्त दिसतो आणि जमीन तापली की कमी होतो.

माती तपासायला देताना एकूण चुना नको, सक्रिय चुना, म्हणजे त्यातला सहज विरघळणारा बारीक भाग, मोजून मागा. रिपारिया ग्लॉयर हा खुंट 6 टक्क्यांपर्यंतच सोसतो, 3309 सी सुमारे 11, एसओ4 सुमारे 17 आणि 41बी जवळपास 40 टक्के. शाब्लीत 41बी बऱ्याच काळापासून वापरात आहे. त्याच्या वर फर्काल लागतो, पण फर्कालवर मॅग्नेशियम कमी पडण्याची तक्रार येते. 41बीची पहिली दोन-तीन वर्षं वाढ मंद असते. ती बघून घाबरून खत वाढवू नये. चुना सोसणारा खुंट लावला, पण जमिनीत पाणी तुंबतंय, तर पिवळेपणा राहणारच. फेरस सल्फेटची फवारणी पानं हिरवी करते, मूळ कारण तसंच राहतं.

प्रश्न: हवामान तापतंय, मग शाब्लीची हिमाची काळजी संपली का?

उलट वाढली. हिवाळा सौम्य झाला की डोळे आधी फुटतात, आणि एप्रिलच्या निरभ्र रात्री पूर्वीसारख्याच गार असू शकतात. डोळ्यांची फूट दहा दिवस अलीकडे आली आणि हिमाची शेवटची तारीख तेवढी सरकली नाही, तर धोक्याचा काळ लांबतो. दुसऱ्या टोकाला तोडणीही अलीकडे आली आहे. पूर्वी ती सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये व्हायची. 2003 आणि 2020 मध्ये ती ऑगस्टमध्येच सुरू झाली. गरम वर्षात साखर भराभर चढते, आम्ल तेवढ्याच वेगाने उतरतं, आणि तोडणीच्या योग्य दिवसांची खिडकी दोन आठवड्यांवरून चार-पाच दिवसांवर येते. पूर्वी ज्यांना कमी लेखायचे ते थंड मळे, म्हणजे पठारावरचे आणि आग्नेयेकडे बघणारे, अशा वर्षात समतोल वाइन देतात. व्होदेझीरच्या आतल्या कुशीतला दक्षिण उतार मात्र भट्टीसारखा तापतो. तिथे घडांभोवतीचा पाला काढताना आता हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर मणी उन्हाने भाजतात.

प्रश्न: मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे. नकाशावरून चांगला द्राक्ष उतार ओळखता येईल का?

बराचसा. फ्रान्सचा 1:25,000 प्रमाणाचा समोच्च नकाशा घ्या. त्यावर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 25 मीटर. 5 मीटर अंतराच्या समोच्च रेषा एकमेकींपासून 1 मिलिमीटरवर असतील, तर चढ 20 टक्के, म्हणजे सुमारे 11 अंश. पाऊण मिलिमीटरवर असतील तर 15 अंश. रेषांना काटकोनात, खालच्या बाजूला बाण काढा, तो उताराची दिशा दाखवेल. आग्नेय ते नैर्ऋत्य यांमधले बाण रंगवा. मग गावाच्या उंचीपासून, ती साधारण 140 मीटर आहे, 250 मीटरपर्यंतचा पट्टा वेगळा करा. ग्राँ क्रूची टेकडी तुमच्या रंगात आपोआप उठून दिसेल.

यानंतर निळ्या रंगाने थंड हवेची वाट काढा: घळी, घळी जिथे मिळतात त्या जागा, आणि वाटेत आडवा आलेला रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव. भरावाच्या वरची बाजू हिमाची जागा म्हणून खूण करून ठेवा. शेतात तपासायचं असेल, तर पायथा, मध्य आणि माथा अशा तीन ठिकाणी रात्रीचं किमान तापमान नोंदवणाऱ्या तापमापी जमिनीपासून 50 सेंटिमीटरवर, म्हणजे वेलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, उघड्या टांगा. हवामान केंद्राची तापमापी दीड-दोन मीटरवर, पेटीत असते, त्यामुळे तिचा आकडा दोन-तीन अंश जास्त येतो. निरभ्र, निवांत रात्रीचेच आकडे तुलनेला घ्या. वाऱ्याच्या रात्री तिन्ही ठिकाणी जवळपास सारखंच तापमान दिसतं आणि निष्कर्ष चुकतो.

प्रश्न: इतक्या मोलाच्या उतारावर मधेच मोकळे तुकडे दिसतात, ते का?

जुनी बाग काढल्यावर जमीन विश्रांतीला ठेवलेली असते. जमिनीत झिफिनेमा इंडेक्स नावाचा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा सूक्ष्म किडा, असतो. तो वेलीत पंखपर्ण विषाणू सोडतो: पानं पंख्यासारखी आकसतात, घड विरळ होतात. वेल उपटला तरी तुटलेली मुळं जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतात आणि सूत्रकृमी त्यांवर जगतो. लगेच नवी लागवड केली तर रोपं पहिल्या काही वर्षांतच रोगट होतात. म्हणून मुळं जमेल तेवढी वेचून काढतात आणि सात ते दहा वर्षं तिथे लसूणघास किंवा धान्य घेतात. लसूणघास निवडण्याचं आणखी एक कारण आहे: उतारावरची उघडी चुनखडीची माती एका वळवाच्या सरीत पायथ्याला जाते, आणि लसूणघासाची खोल मुळं ती जागेवर धरून ठेवतात.